घरातील कानसेन : यंत्रश्रवण आणि रसविघ्ने

१

मराठीतील संगीतसमीक्षा मैफलीच्या सान्निध्यात वाढली. गोविंदराव टेंबे यांचे 'माझा संगीत व्यासंग', केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने केलेले लेखन आणि वामनराव देशपांडे यांचा १९६१ मधील 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ, या सर्वांच्या मागे गायकासमोर बसून, त्याच्या मुद्रेवरील भाव आणि तंबोऱ्याची जुळणी पाहत केलेले दीर्घ श्रवण उभे आहे. या लेखनाचे मोल वादातीत आहे. तथापि त्यात एक गृहीत दडलेले आहे. श्रवण म्हणजे मैफलीतील श्रवण होय आणि यंत्रातून येणारे गाणे ही त्याची केवळ छाया होय, असे ते गृहीत. मुंबई, पुणे, कोल्हापूर वा मिरज येथील रसिकाला हे गृहीत स्वाभाविक वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु मैफलींच्या वाटेपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील रसिकाला ते लागू करता येते काय, याचा विचार फारसा झालेला नाही.

यवतमाळ जिल्हा हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग या जिल्ह्याला बाजूस ठेवून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी झालेली आणि आता बंद पडलेली यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे, लोकांच्या तोंडची 'शकुंतला', हाच मुख्य मार्गाशी जोडणारा दुवा होता. त्या मूर्तिजापूरला १९२० मध्ये वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला खरा. परंतु त्यांची गायकी घडली ती नागपूर, लाहोर आणि पुणे येथे. संगीत नाटक मंडळ्यांचे दौरे वऱ्हाडात होत, कीर्तन आणि भजन गावोगाव होते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या मुलखात सर्वांच्या परिचयाची होती. पण ख्यालगायनाची घरंदाज बैठक ही पुसद, वणी, दारव्हा वा उमरखेड येथील रसिकाच्या वाट्याला क्वचित येणारी गोष्ट होती. त्याचे राग, त्याचे गायक आणि त्याच्या मनातील घराण्यांची चित्रे ही मुख्यतः तबकडी, नभोवाणी आणि पुढे ध्वनिफीत यांतून तयार झाली. ज्याने मूळ वस्तू पाहिलीच नाही, त्याच्या बाबतीत छाया हा शब्द वापरण्यात अर्थ उरत नाही. त्याच्यापुरती यंत्रातील वस्तू हीच मूळ वस्तू होय.

तेव्हा प्रश्न असा की, घरी बसून यंत्रावाटे गाणे ऐकणारा हा 'कानसेन' रसिक या पदवीस पात्र ठरतो काय. आणि यंत्रे बदलत गेली तसतसे त्याच्या रसिकतेत काय बदलले? या प्रश्नाच्या उत्तरासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील एक जुने साधन उपयोगी पडेल असे दिसते. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत : संभावनाविरह, स्वगत-परगतत्वाच्या नियमाने येणारा देशकालविशेषाचा आवेश, निजसुखादिविवशीभाव, प्रतीत्युपायवैकल्य, स्फुटत्वाभाव, अप्रधानता आणि संशययोग. ही विघ्ने नाट्याच्या संदर्भात सांगितलेली आहेत, ग्रामोफोनच्या नव्हे, हे उघड आहे. परंतु त्यांपैकी किमान पाच विघ्ने घरातील यंत्रश्रवणाच्या इतिहासात एकामागून एक ओळखू येतात, आणि प्रत्येक नवे यंत्र एक विघ्न दूर करून दुसऱ्याला वाट देते, असे आढळते.

२

भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यवस्थित आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग याने तेथे गौहरजान प्रभृतींचे गाणे मुद्रित केले. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. १९२५ पर्यंत मुद्रणाची रीत केवळ यांत्रिक होती. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोराने सुई मेणावर रेघ ओढी. या रीतीने स्वरांची वरची अंगे आणि खर्जाचा भार ही दोन्ही बहुतांशी गळून पडत. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. त्याची जागा हार्मोनियमचा पक्का सूर घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. प्रत्येक बाजूस नवी सुई लावावयाची, चावी भरावयाची आणि गाणे संपताच उठावयाचे, असा हा विधी होता. तबकडीचे द्रव्य म्हणजे लाख. पळस, कुसुम यांसारख्या झाडांवरील किड्यांच्या स्रावापासून ती मिळते, आणि जगातील तबकड्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात असे. यवतमाळच्या माळावर फाल्गुनात फुलणारा पळस आणि ग्रामोफोनवर फिरणारी काळी थाळी यांचे नाते असे दूरचे असले तरी खरे आहे.

अभिनवगुप्ताच्या परिभाषेत पाहिले तर येथे प्रतीत्युपायवैकल्य आणि स्फुटत्वाभाव ही दोन्ही विघ्ने पूर्णपणे हजर आहेत. प्रतीतीचे साधन लंगडे आणि प्रतीती अस्फुट. असे असूनही या श्रवणाने रसिक घडविले, हे कसे? याचे उत्तर श्रोत्याच्या ठिकाणी शोधावे लागते. ज्याने बालगंधर्वांचे नाटक एकदा पाहिले होते, तो तबकडीतील क्षीण आवाजात आपल्या स्मृतीची भर घाली. ज्याने पाहिले नव्हते, तो तीच तबकडी शंभरदा ऐकून तिच्यातील प्रत्येक हरकत पाठ करी. मैफलीत एकदाच येऊन जाणारी तान तबकडीत पुनःपुन्हा भेटे, आणि अस्फुटतेची भरपाई आवृत्तीने होई. तीन मिनिटांच्या बंधनामुळे गायकालाही रागाचे सार काढावे लागे. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांतील आलापी ही अशा सारग्रहणाची उत्कृष्ट उदाहरणे होत. त्यांना मैफलीचे तुकडे म्हणणे अन्यायाचे आहे. त्या स्वतंत्र घाटाच्या लघुरचना आहेत.

या आवृत्तीचे सामर्थ्य किती होते याची साक्ष दोन थोर गायकांच्या चरित्रांत मिळते. गदग येथील बालपणी भीमसेन जोशी यांनी दुकानात अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली, आणि त्या स्वराच्या शोधात १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. कुमार गंधर्व बालवयात नामांकित गायकांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करीत आणि त्याच बळावर त्यांची कीर्ती झाली. पुढे बा. र. देवधर यांच्याकडे शिकताना त्यांना ती नक्कल ओलांडून स्वतःचा स्वर शोधावा लागला, हेही तितकेच महत्त्वाचे. दोघेही संगीताच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या गावांतून आले होते. तबकडी त्यांच्यापुरती गुरूच्या दारापर्यंत नेणारी वाट ठरली. वऱ्हाडात जन्मलेल्या केशवराव भोळे यांनी समीक्षेसाठी 'एकलव्य' हे नाव निवडले, या योगायोगाकडेही येथे लक्ष जाते. गुरूच्या मूर्तीसमोर बसून विद्या मिळविणारा एकलव्य हे यंत्रासमोर बसलेल्या दूरस्थ श्रोत्याचे यथार्थ प्रतीक आहे, आणि त्या विद्येबद्दल त्याला काही मोल द्यावे लागते ही गोष्टही त्या प्रतीकात अंतर्भूत आहे.

येथे आणखी एक बाब नोंदविणे अवश्य आहे. रात्रीच्या मैफलीला जाणे हे त्या काळच्या पांढरपेशा घरातील बहुतेक स्त्रियांना शक्य नव्हते, आणि बैठकीचा उंबरठा जातीच्या व पैशाच्या दृष्टीनेही सर्वांना खुला नव्हता. गायिकांचा आवाज प्रतिष्ठित घराच्या माजघरापर्यंत प्रथम पोहोचला तो तबकडीवाटे. मैफल हीच श्रवणाची शुद्ध अवस्था मानणाऱ्या समीक्षेला आपल्या श्रोतृवर्गातील हा मोठा भाग दिसत नाही.

३

नभोवाणीने श्रवणाचा काळ बदलला. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये. यवतमाळच्या दृष्टीने दुसरी घटना अधिक महत्त्वाची, कारण त्यामुळे विदर्भातील कलावंतांचा आवाज विदर्भातील घरात येऊ लागला. १९५२ पासून आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम शनिवारी रात्री ऐकावयास मिळू लागला, आणि तीन मिनिटांच्या तबकडीवर वाढलेल्या श्रोत्याला ख्यालाचा पूर्ण विस्तार घरबसल्या प्रथमच भेटला. त्याच वर्षी डॉ. बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली ती या अनुभवानंतर. श्रोत्याची अभिरुची वरून घडविण्याचा प्रयत्न घराच्या चार भिंतींत कसा अडखळतो, याचे हे उदाहरण होय.

तबकडीने रागाला त्याच्या वेळेपासून तोडले होते. भैरवी सायंकाळीही लावता येई. नभोवाणीने वेळेचे बंधन परत आणले, परंतु ती वेळ केंद्राने ठरविलेली असे. कार्यक्रमपत्रिका पाहून वाट पाहावयाची, त्या घटकेला घरातील कामे उरकून बसावयाचे आणि एकदा निसटले की निसटले, अशी ही शिस्त होती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते महाराष्ट्राने अशीच आठवड्यामागून आठवडा वाट पाहत ऐकली. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नभोवाणीने घराघरांत नेलेला शब्द अशा रीतीने या जिल्ह्यात प्रत्यक्ष येऊन उभा राहिला, ही या श्रवणाच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानावयास हरकत नाही.

मध्यम लहरींवरून येणारा ध्वनी काही मोठ्या प्रतीचा नसे. उन्हाळ्यातील वळवाच्या विजा आणि रात्री एकमेकांत घुसणारी केंद्रे यांमुळे खरखर पाठ सोडीत नसे. पण प्रतीक्षेमुळे अवधान एकवटे. ज्या गोष्टीची पुनरावृत्ती आपल्या हाती नाही, तिच्याकडे मन पूर्णपणे लावावे लागते. त्या दृष्टीने नभोवाणीचा श्रोता हा तबकडीच्या श्रोत्यापेक्षा मैफलीच्या श्रोत्याला अधिक जवळचा होता. शिवाय रेडिओ हा घरात एकच असे आणि तो सर्वांचा असे. एका श्रोत्याच्या आवडीला इतरांच्या आवडीशी तडजोड करावी लागे. या तडजोडीतून न निवडलेले गाणे कानावर पडे, आणि अभिरुचीचा विस्तार पुष्कळदा न निवडलेल्या गाण्यानेच होतो.

४

दीर्घ वादनाच्या तबकडीने, म्हणजे एलपीने, ज्याला खऱ्या अर्थाने ध्वनिरसिक म्हणता येईल असा श्रोता निर्माण केला. मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी ही तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची एलपी तिकडेच निघाली व तिचा परिचय येहुदी मेन्युहिन यांनी करून दिला. भारतात एलपी रुळल्यानंतर अमीर खाँ यांच्या मारवा व दरबारी या रागांच्या तबकडीसारख्या तबकड्या निघाल्या आणि विलंबित ख्यालाची बढत वीस मिनिटांहून अधिक काळ अखंड ऐकता येऊ लागली. येथे ध्वनीच्या प्रतीचा प्रश्न केवळ चैनीचा राहिला नाही. मुद्रण आणि वादनयंत्र दोन्ही चांगली असतील तर तंबोऱ्याचा झंकार पूर्ण ऐकू येतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार कानाला लागतो. आणि गायक त्या गंधाराशी आपला स्वर कसा मिळवितो हे कळते. ध्वनिरसिकाची चांगल्या यंत्राची ओढ ही या मर्यादेपर्यंत पूर्णपणे संगीताची ओढ आहे. प्रतीत्युपायवैकल्य आणि स्फुटत्वाभाव ही विघ्ने दूर करण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्याची थट्टा करणे समीक्षेला शोभणारे नाही.

यवतमाळसारख्या ठिकाणी हा प्रयत्न सोपा नव्हता. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी यंत्र मिळणे दुर्घट होते. पुढे सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज यांसारख्या देशी बनावटीच्या यंत्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. त्यात विदर्भाचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या घरात गेला की नीट उभ्या न ठेवलेल्या तबकड्या वाकतात; काळ्या मातीची धूळ खाचांत बसते; विजेचा दाब खालीवर झाला की फिरत्या थाळीचा वेग आणि त्याबरोबर स्वर ढळण्याची भीती असते. अशा परिस्थितीत तबकड्यांचा संग्रह चांगल्या अवस्थेत राखणे हे एक व्रतच होते.

परंतु व्रताचे कर्मकांड होण्यास वेळ लागत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेले सहावे विघ्न अप्रधानता हे होय : जे गौण ते प्रधानाची जागा घेते आणि चित्त तेथेच थांबते. ध्वनिरसिकाच्या आयुष्यात हे विघ्न नकळत शिरते. आधी राग ऐकण्यासाठी यंत्र आणले जाते. मग यंत्र पारखण्यासाठी राग लावला जातो. तबल्याच्या चाटीचा नाद किती स्वच्छ आला, सतार खोलीच्या कोणत्या कोपऱ्यातून वाजल्यासारखी वाटली, याकडे लक्ष गुंतते आणि मारव्यातील कोमल ऋषभाने षड्जाची जी हुरहूर लावली तिच्याकडे दुर्लक्ष होते. ज्या तबकडीचे मुद्रण उत्तम ती उत्तम, असा निकष रुजला की जुन्या, खरखरीत तबकडीतील श्रेष्ठ गायन कपाटाच्या खालच्या फळीवर जाते. जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नो याने १९३८ मध्ये श्रवणाच्या अधोगतीविषयी लिहिताना, संगीतरचनेच्या समग्रतेवरून सुट्या नादसुखाकडे वळणाऱ्या श्रोत्यावर कठोर टीका केली होती. त्याची टीका पाश्चात्त्य संगीताच्या संदर्भात होती आणि तिचा सूर तुच्छतेकडे झुकणारा होता. तथापि त्याने दाखविलेला धोका आणि अप्रधानतेचे विघ्न यांत साम्य आहे. भेद इतकाच की, अभिनवगुप्ताच्या दृष्टीने हे विघ्न आहे, श्रोत्याचा स्वभाव नव्हे. विघ्न दूर करता येते.

५

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट भारतात सर्वत्र पोहोचली ती १९८० नंतरच्या दशकात. ध्वनीच्या प्रतीत ती चांगल्या एलपीहून उणी होती. फितीची सळसळ, वेगातील चढउतार आणि नकलेची नक्कल करताना उतरत जाणारा दर्जा हे दोष उघड होते. ध्वनिरसिकाने ती प्रथम नाकारली असती तर नवल नव्हते. पण कॅसेटने अशी एक गोष्ट दिली की जी तोवर कोणत्याही यंत्राने दिली नव्हती. श्रोता स्वतः मुद्रण करू लागला. नभोवाणीवरील शनिवारचा कार्यक्रम आता निसटेना. आणि कोठल्या तरी खासगी बैठकीत केलेले मुद्रण हातोहात नकला होत दूरच्या गावी पोहोचू लागले. व्यापारी तबकडीत कधीच न आलेले दोन-दोन तासांचे गायन, मधली दाद, गायकाचे बोलणे, पुन्हा लावलेला तंबोरा, हे सारे त्या फितींत होते. मैफल नाकारलेल्या श्रोत्याच्या घरी मैफल आली ती या निकृष्ट ध्वनीच्या साधनातून, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. यावरून ध्वनीची प्रत आणि श्रवणाची समृद्धी या दोन रेषा समांतर धावत नाहीत असे सिद्ध होते.

या फितींबरोबर संशययोग हे विघ्नही आले. गायक कोण, वर्ष कोणते, तबल्यावर कोण, राग अमुक की तमुक, याविषयी फितीवरील पेन्सिलीच्या नोंदी परस्परविरोधी असत. जाणता श्रोता हा संशय फेडण्यासाठी कान तयार करी. आवाजाचे वय, तानेची जात, साथीची ढब यांवरून तो निर्णय करी. विघ्नानेच येथे विद्येला जन्म दिला असे म्हणता येईल.

सीडी १९८२ मध्ये आली. सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन ध्वनीचे अंकांत रूपांतर करणाऱ्या या तबकडीने सुईची खरखर नाहीशी केली. जुन्या लाखेच्या तबकड्या तिच्यावर पुनर्मुद्रित होऊ लागल्या तेव्हा मात्र एक नवा प्रश्न पुढे आला. खरखर काढण्याच्या अट्टाहासात स्वराची वरची अंगेही छाटली जातात आणि आवाज कापसात गुंडाळल्यासारखा होतो. दुसरे असे की, आरंभीच्या काळातील सर्व तबकड्या मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. चुकीच्या वेगाने वाजविल्यास गायकाची पट्टी बदलते, लय बदलते आणि आवाजाचा पोतही बदलतो. एखादा गायक पांढरी चारमध्ये गात होता की काळी चारमध्ये, यावर त्याच्या गायकीविषयीची विधाने अवलंबून असतील तर तबकडीच्या वेगाचा निर्णय हा प्राचीन पोथीतील पाठनिर्णयाइतकाच गंभीर ठरतो. ज्ञानेश्वरीच्या पाठाविषयी दक्ष असलेली मराठी संशोधनपरंपरा ध्वनिमुद्रिकांच्या पाठाविषयी उदासीन राहिली, हे मान्य करावे लागेल.

६

एकविसाव्या शतकात संग्रह ही कल्पनाच पालटली. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले; २०१६ नंतर मोबाइलवरील माहितीवहन स्वस्त झाले; आणि झरी जामणी वा मारेगाव येथील श्रोत्यालाही केसरबाई केरकर यांची भैरवी, जी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात पाठविली गेली, ती खिशातील यंत्रावर ऐकता येऊ लागली. केंद्र आणि परीघ यांतील जुने अंतर साधनांपुरते तरी मिटले. या लाभाचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्या तबकडीसाठी पूर्वी नागपूरपर्यंत खेटे घालावे लागत, ती आता एका क्षणात मिळते.

मात्र येथे दोन विघ्ने ठळक होतात. पहिले निजसुखादिविवशीभाव. स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेले चित्त दुसऱ्या वस्तूत विश्रांत होत नाही, असे अभिनवगुप्त म्हणतो. आणि गंमत अशी की, नाट्यात हे विघ्न दूर करण्याचा उपाय म्हणून तो गीतवाद्याचाच निर्देश करतो. आता गीत स्वतःच त्या विघ्नाचे निमित्त होऊ लागले आहे. २०१७ मध्ये बाजारात आलेले, पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेले 'कारवाँ' हे रेडिओच्या आकाराचे यंत्र लोकप्रिय झाले त्यात गतकाळाच्या ओढीचा वाटा मोठा आहे. गाणे ऐकताना गाण्यापेक्षा स्वतःचे तरुणपण ऐकले जाते. हे सुख निषिद्ध नाही. परंतु त्याला रसास्वाद म्हणणे हा संज्ञेचा शिथिल वापर होय.

दुसरे विघ्न अभिनवगुप्ताच्या यादीत नाही, कारण त्याच्या काळी ते संभवत नव्हते. त्याला अनवस्थान म्हणता येईल. समोरचे गाणे चालू असता त्याहून चांगले काही बोटाच्या अंतरावर आहे ही जाणीव चित्ताला एका जागी ठरू देत नाही. विलंबित ख्यालाच्या पहिल्या दोन आवर्तनांतच श्रोता पुढे सरकतो. तबकडीच्या श्रोत्याला दारिद्र्याने अवधान शिकविले, नभोवाणीच्या श्रोत्याला प्रतीक्षेने. आजच्या श्रोत्याला ते स्वतःच्या निश्चयाने शिकावे लागते. कानात यंत्र घालून एकट्याने ऐकण्याच्या रीतीमुळे घरातील तडजोडही संपली आणि तिच्याबरोबर न निवडलेल्या गाण्याशी होणारी भेटही. निवड आता यंत्र सुचविते, आणि ते पूर्वी आवडलेल्याच्या जवळचेच सुचविते.

यावर मैफलवादी समीक्षकाचा आक्षेप असा येईल की, हे सर्व दोष यंत्राचेच आहेत. जिथे गायकाला दाद पोहोचत नाही तिथे श्रवण अपुरेच राहणार. या आक्षेपात तथ्य आहे. गायक आणि श्रोता यांच्या देवाणघेवाणीतून घडणारे गाणे यंत्रात घडू शकत नाही. परंतु मैफलीतही विघ्ने असतात. प्रतिष्ठेसाठी दिलेली दाद, शेजाऱ्याच्या मानेवर डोलणारी मान, घराण्याच्या अभिमानाने बंद झालेले कान, ही काही थोडी विघ्ने नव्हेत. घरातील एकांतात ज्याला दाद दाखवावयाची नाही, तो कधी कधी अधिक प्रामाणिकपणे ऐकतो. तेव्हा सहृदयता ही जागेवर अवलंबून नसून विघ्न ओळखून ते दूर करण्याच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरते.

७

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. घरातील यंत्रश्रवण हे मैफलश्रवणाचे कनिष्ठ रूप नसून श्रवणाचा वेगळा प्रकार आहे, आणि परिघावरील जिल्ह्यांपुरता तो मुख्य प्रकार आहे. यंत्राच्या सुधारणेबरोबर रसिकता सुधारते असा नियम दिसत नाही. एक विघ्न हटते तेव्हा दुसरे पुढे येते. ध्वनिरसिकाचा दोष त्याच्या सूक्ष्म कानात नाही. तो कान संगीतावरून यंत्राकडे वळतो तेव्हा दोष घडतो, आणि तोच कान पाठनिर्णयाकडे वळविला तर त्यातून विद्या निष्पन्न होते.

शेवटची गोष्ट काहीशी तातडीची आहे. मुंबईत १९९० मध्ये ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली आणि तिने या क्षेत्रात पायाभूत काम केले. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतील घरगुती संग्रह अद्याप घरांतच आहेत, आणि ते जमविणाऱ्या पिढीबरोबर संपण्याच्या मार्गावर आहेत. माळ्यावरील लाखेच्या तबकड्या घर बदलताना भंगारात जातात. फिती बुरशीने एकमेकींना चिकटतात. वह्यांतील नोंदी रद्दीत जातात. तबकडी गेली तरी तिची प्रत अन्यत्र कोठे तरी असण्याचा संभव असतो. जी जाते आणि परत येत नाही ती श्रवणाची साक्ष : कोणती तबकडी झिजेपर्यंत वाजली, कोणती कोरी राहिली, कोणत्या फितीवर कोणाच्या हस्ताक्षरात राग बदलून लिहिला गेला, शनिवारच्या कोणत्या कार्यक्रमापुढे खूण केली गेली. वऱ्हाडातील एका जिल्ह्याने शंभर वर्षे गाणे कसे ऐकले याचा इतिहास या खुणांत आहे आणि अन्यत्र कोठेही नाही. गायकांचा इतिहास लिहिणाऱ्या मराठी समीक्षेने श्रोत्यांचा इतिहास लिहावयाचे मनावर घेतले तर तिला आरंभ घरातील कपाटापासून करावा लागेल. आणि तो आरंभ कपाट रिकामे होण्यापूर्वी झाला पाहिजे.